मुखपृष्ठावरचे आकाश

ऐतिहासिक कादंबरीच्या मुखपृष्ठावर वरचा तिसरा हिस्सा बहुधा आकाशाचा असतो. ते आकाश चित्रकाराच्या हौसेचे नव्हे. कादंबरीचे ठसठशीत नाव तिथे बसायचे असते. खाली उधळलेला घोडा, उपसलेली तलवार, मागे काळ्या कातळाचा गड आणि वर हे राखीव आभाळ. माझ्या वडिलांनी अशाच एका मुखपृष्ठावरून मोठे तैलचित्र करायला घेतले, तेव्हा त्यांची पंचाईत झाली ती या आभाळापाशी. नाव तर घालायचे नाही. मग एवढ्या जागेत काढायचे काय?

मूळ मुखपृष्ठ रघुवीर मुळगावकरांचे. आम्हां पेडणे-डिचोलीच्या माणसांना त्यांचा भारी अभिमान. जन्म अस्नोड्याचा, आणि आडनावातले मुळगाव तर डिचोली तालुक्यातले, अस्नोड्याला लागूनच. मुंबईला जाऊन त्यांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना चेहरे दिले, घरोघरच्या कॅलेंडरांवर देव बसवले. दुसरे आमचे दीनानाथ दलाल, मडगावचे. १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंकच सुरू केला. वडील मुळगावकरांचे भक्त, काका दलालांचे. पानावर बसल्या बसल्या दोघांची जुंपायची. दलालांची रेषा बोलते, हे काकांचे म्हणणे मला आज पटते. पण मुळगावकरांच्या रंगांची झळाळी पाहून दहा वर्षांचे पोर पुस्तक उघडते, हेही तितकेच खरे. मी उघडले होते.

खरे तर आपण कुणीच ते चित्र पाहिलेले नसते. चित्रकाराने काढलेले चित्र पुस्तकाहून मोठे असते. कॅमेऱ्यासमोर ठेवून त्याचे रंग वेगळे करायचे, प्रत्येकाचा ब्लॉक करायचा, मग पिवळा, तांबडा, निळा आणि काळा असे एकावर एक छापायचे. एखादा ब्लॉक केसभर सरकला की स्वाराला दोन मिशा! शिवाय तैलरंग वाळायला दिवस घेतात, आणि दिवाळीच्या तोंडावर प्रकाशकाला थांबायला वेळ नसतो. अमेरिकेत एन. सी. वायथने १९११ साली स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'साठी जवळजवळ चार फूट उंचीची तैलचित्रे केली आणि त्या पैशांतून गावाकडे जमीन घेतली. त्याची चित्रे आज संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे मुखपृष्ठ छापून झाले की चित्राचे काम संपले, आणि वाचनालयात जाड बांधणी करताना ते मुखपृष्ठही निघून जायचे. असो.

वडिलांनी ते पुस्तक बांद्याहून आणले होते. १९५३ची गोष्ट. मांजरपाट ताणून त्यावर सरस आणि सफेदा दिला, मुखपृष्ठावर चौकटी आखल्या, तशाच मोठ्या चौकटी कापडावर. रंग मुंबईच्या एका नातेवाइकाने पाठवलेले. पावसाळ्यात सुरुवात केली, हीच चूक. पेडण्याच्या पावसात अळशीचे तेल वाळेचना. घोड्याच्या मानेवर बुरशी धरली, ती तीनदा पुसावी लागली.

स्वार झाला, घोडा झाला. मग त्या आभाळात त्यांनी हळर्णचा किल्ला काढला. तांबड्या जांभ्याच्या भिंती, पायथ्याशी शापोरा नदी, काठावर माड. पाहणारे हसले. दख्खनी स्वाराच्या मागे जांभा आणि माड? वडील म्हणत, "का नाही? महादजी शिंद्यांचे जिवबादादा केरीचे. म्हणजे घोडा पेडण्यातून गेला की नाही?" त्यांचे चुकत नव्हते. हळर्ण १७४६ साली पोर्तुगिजांकडे गेला, पेडणे महाल १७८८ साली. आमच्या नव्या काबिजादीचा इतिहास तिथून लिस्बनच्या दप्तरात शिरला, आणि आमच्याच मातीतले चित्रकार मुंबईत बसून रायगड-सिंहगड रंगवीत राहिले. त्याला कोण काय करणार? कादंबऱ्या तिकडच्या, वाचकही तिकडचे.

चित्र सोप्यात लावायला काढले, तेव्हा आजी आडवी आली. "भायर नाका रे, भितर लाय." त्या काळी गोव्यात लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी लागे. उपसलेल्या तलवारीचा मराठा स्वार रस्त्यावरून दिसणे बरे नव्हे, एवढे तिला कळत होते. चित्र माजघरात गेले, आणि डिसेंबर १९६१पर्यंत तिथेच धूर खात राहिले.

घराच्या वाटण्या झाल्या तसे ते माझ्याकडे बेळगावला आले. वरच्या कडेला वाळवी लागली होती. फ्रेमवाल्याने फूटपट्टी लावून सांगितले, वरचे आठ इंच कापू, घोड्याला धक्का लागत नाही, तयार मापाची फ्रेमही बसेल. मुलीलाही ते पटले. नातू इंग्रजी शाळेतला, कन्नड फडाफडा वाचणारा, मराठी अक्षरे जोडत जोडत वाचणारा. त्याने फ्रेमवाल्याच्या आठ इंचांवर बोट ठेवून विचारले, "हा लाल किल्ला कुठला?" मग हळर्ण, शापोरा, केरी सारे सांगत बसलो. फ्रेमवाला बिचारा पट्टी धरून उभा.

कापले नाही. वाळवीची कड मागून कापड लावून सावरली, फ्रेम मुद्दाम मोठी करवली. पैसे जास्त पडले. चित्राच्या पाठीवर वडिलांनी पेन्सिलीने 'सेतेंब्र १९५३' असे पोर्तुगीजमध्ये लिहून ठेवले आहे. त्याच्या खाली आता फ्रेमवाल्याने खडूने माप टिपले आहे, कन्नडमध्ये.