जायफळांच्या बेटावर पुनश्च

एकदां पाहिलेल्या ठिकाणीं पुन्हा सुटी घालविण्यास जाणें म्हणजे पैशाचा अपव्यय होय, असें आमच्या स्नेहीजनांपैकीं पुष्कळांचें मत आहे. तें आम्ही निमूटपणें ऐकून घेतों, आणि टोरांटोच्या थंडीनें हाडें गोठूं लागलीं कीं ग्रेनेडाचीच आठवण काढतों. सन २०२४ च्या नाताळांत आम्ही तेथें सहकुटुंब तिसऱ्यांदा गेलों.

हें बेट कॅरिबियन समुद्रांत आहे. वस्ती अवघी लाख-सवालाखाची. त्याच्या नैर्ऋत्य टोंकाकडे ग्रँड आन्स नांवाचा सुमारें दोन मैलांचा पांढऱ्या वाळूचा किनारा आहे. त्याचें तोंड पश्चिमेस असल्यामुळें सूर्य समुद्रांतच बुडतो. वर नारळ आणि देशी बदाम. कोंकणांत वाढलेल्या माणसास आणखी काय हवें? भेद इतकाच कीं, आपल्याकडे ओहोटीस समुद्र दूर निघून जातो, तेथें तो जागचा फारसा हालत नाहीं. तेथील ‘कॅललू’ म्हणजे आपल्या अळूच्या फतफत्याचें नारळाच्या दुधांतलें भावंड. खारें मांस घातलेलें नाहीं ना, एवढें मात्र आधीं विचारून घ्यावें.

सन २००३ च्या नाताळांत प्रथम गेलों, तेव्हां मातोश्री बरोबर होत्या. समुद्रस्नानाचें त्यांस कौतुक नव्हतें. किनाऱ्याच्या कडेस मसाल्यांचा बाजार आहे, तेथें मात्र त्या रोज जाऊन बसत. एका विक्रेत्या बाईनें जर्दाळूसारखें पिवळें फळ फोडून त्यांच्या हातावर ठेविलें. आंत काळसर कवच आणि त्यास वेढून लालभडक जायपत्री! साठ वर्षें श्रीखंडांत जायफळ किसलेल्या मातोश्रींनीं जायपत्री वाळून पिंगट झालेलीच पाहिली होती. “अग बाई, ही तर नव्या शालूसारखी!” त्या म्हणाल्या. बाईस मराठी येत नव्हतें, मातोश्रींस इंग्रजी. तरी दोघींच्या गप्पा तास तास चालत. निघतांना बाईनें आपल्या बागेंतलीं ओंजळभर जायफळें दिलीं.

पुढच्याच वर्षीं, ७ सप्टेंबर २००४ रोजीं, ‘आयव्हन’ वादळ बेटावरून गेलें. ३९ माणसें दगावलीं. दहांतील नऊ घरांची नासधूस झाली. तोंवर जगांतील जायफळाचा सुमारें पंचमांश या एवढ्याशा बेटांतून येई. इंडोनेशिया सोडल्यास त्याच्यापुढें कोणी नव्हतें. तेथील राष्ट्रध्वजावरही जायफळच आहे. तीं झाडें बहुतेक आडवीं झालीं.

२००६ सालीं आम्ही पुन्हा गेलों. किनारा होता तसाच सुंदर, हॉटेलांवर नवीं छपरें. मागचे डोंगर मात्र बोडके. वाळूवर पाय पसरून बसण्याची त्या वेळीं आम्हांस खरोखर लाज वाटली. तसें बोलून दाखवितांच बाई म्हणाली, “तुम्ही आलां नाहीं, तर ही दालचिनी मी विकूं कोणास?” तिनें वीस रोपें लावलीं होतीं. जायफळांत नर-मादी झाडें निराळीं. आणि पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षें, कोणतें रोप कसलें हें कळत नाहीं. भरपूर फळ धरण्यास तर वीस वर्षें लागतात. घरीं येऊन मातोश्रींस हें सांगितलें, तेव्हां त्यांनीं डब्यांत उरलेलीं चार जायफळें कुलपांत ठेविलीं. २०१३ सालीं त्या गेल्या. मुलांचीं शिक्षणें, आजारपणें यांत आमचेंही जाणें राहिलें.

१ जुलै २०२४ रोजीं ‘बेरिल’ वादळानें त्याच देशांतील कॅरिआकू बेटाची धूळधाण केली होती. त्यामुळें या खेपेस आम्ही धास्तावूनच बाजारांत शिरलों. गाळ्यावर मुलगी होती. बाई मागें खुर्चीवर. विसांपैकीं अकरा झाडें नर निघालीं. दोन ठेवून बाकीचीं तोडलीं. मादी नऊ. त्यांतलीं दोन ‘बेरिल’नें नेलीं, सात उभीं आहेत. हें सारें तिनें बोटांवर मोजून सांगितलें. मग आमच्या पाठीमागें कोणी येत आहे का तें पाहून विचारलें, “आई?”

आम्ही मान हालविली.

तिनें तोललेली पुडी पुन्हा उघडली, आणखी एक ओंजळ जायफळें वर घातलीं आणि मुलीस त्यांचे पैसे घेऊं दिले नाहींत. पाडव्याच्या श्रीखंडापर्यंत ती पुडी कुलपांत ठेवावयाची, असें घरांत ठरलें.