केंटकी डर्बी : एका यादीतील खंड

जुन्या याद्या वाचण्याचा मला छंद आहे. अमेरिकेतील लुईव्हिल शहरात दरवर्षी होणाऱ्या केंटकी डर्बी या घोड्यांच्या शर्यतीच्या विजेत्यांची यादी मला विशेष अस्वस्थ करते.

१७ मे १८७५ रोजी पहिली डर्बी धावली गेली. १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते. ॲरिस्टाइडिस हा घोडा जिंकला. त्याचा स्वार ऑलिव्हर लुईस कृष्णवर्णीय, तर प्रशिक्षक ॲन्सेल विल्यमसन जन्माने गुलाम. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. दक्षिणेत घोड्यांची निगा आणि स्वारी बहुतांशी गुलामांकडेच असे. सक्तीने अंगवळणी पडलेली ती विद्या आता त्यांच्या उपजीविकेचे साधन झाली.

पहिल्या २८ शर्यतींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ अशा लागोपाठ दोन.

त्यानंतर यादीत एकाही आफ्रिकी-अमेरिकी जॉकीचे नाव नाही. या व्यवसायात पैसा आणि कीर्ती वाढली, तसे गोऱ्या जॉकींनी संगनमताने त्यांना धावपट्टीवर कुंपणाकडे रेटले, जखमी केले. मालकही त्यांना घोडे देईनासे झाले. विंकफील्ड रशियाला गेला आणि तेथेही शर्यती जिंकत राहिला. म्हणजे कौशल्य आटले नव्हते, दार बंद झाले होते.

मित्रहो, अभिलेख वाचताना आपण नावे टिपतो. ती कोणत्या वर्षी थांबली, हेही टिपायला हवे.