बर्लिनमध्ये भेटलेला जिताडा

ऑफिसच्या प्रोजेक्टसाठी तीन आठवडे बर्लिनला होतो. शनिवारी टीममधले सगळे बर्लिनची भिंत बघायला पळाले. मी पाऊस आला म्हणून जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात घुसलो. आणि समोर काचेच्या फ्रेममध्ये... चक्क जिताडा!

आम्ही मूळचे पेणचे. जावई आला की तळ्यात जाळं पडणारच, असं आमचं घर. त्यामुळे खालचं लॅटिन नाव वाचायच्या आधीच मी तोंडाच्या ठेवणीवरून त्याला ओळखलं. आमचं तळं २०११ मध्ये जमिनीसकट विकलं. त्याच पैशांतून माझ्या खारघरच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं. बाबा त्यावर कधी काही बोलले नाहीत. हॉलची मोठी भिंत अजून रिकामीच होती. म्हटलं, हेच चित्र तिथे लावायचं!

चित्र मार्कुस एलिझर ब्लॉकच्या पुस्तकातलं. ब्लॉक हा बर्लिनचा ज्यू डॉक्टर. पेशंट तपासता तपासता गड्याला माशांचं वेड लागलं. १७८२ ते १७९५ या काळात त्याने १२ खंड आणि ४३२ चित्रं काढून दाखवली. सुरुवातीला खर्च स्वतःच्या खिशातून! तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीत तेव्हा डेन्मार्कची वसाहत होती. तिथला एक मिशनरी त्याला मासे पाठवायचा. आपल्या हलव्याला १७९५ मध्ये शास्त्रीय नाव दिलं ते यानेच. जिताड्याचं नाव १७९० चं. पत्ता मात्र त्याने जपानचा लिहिला आणि तो चुकला, असं पुढचे अभ्यासक सांगतात.

अशी चित्रं आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, शाईने छापायची आणि मग एकेक कागद हाताने रंगवायचा. म्हणून दोन प्रती कधीच अगदी सारख्या नसतात. तुम्हालाही कुठे असं चित्र दिसलं तर कागदावरून हलकं बोट फिरवून बघा. पत्र्याच्या कडांचा दाब चौकटीसारखा लागतो. ब्लॉकच्या काही चित्रांत खवल्यांच्या चमकीसाठी खरी चांदी वापरली आहे. ती काळाबरोबर काळी पडते. माझ्या जिताड्याच्या पोटावरही काळसर झाक होती.

किंमत? घराच्या एका हप्त्याएवढी. मी मोबाइलवर फोटो काढून बाबांना पाठवला.

रविवारी निसर्गेतिहास संग्रहालय गाठलं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलेला त्याचा एक भाग २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. तिथे काचेच्या प्रचंड दालनात स्पिरिटच्या सुमारे पावणेतीन लाख बरण्या आहेत. ब्लॉकच्या संग्रहातले बरेच मासे आजही याच संग्रहालयाकडे आहेत. बरणी कुठलीही बघा, मासा फिकट, पिवळट पडलेला. इतक्यात बाबांचा फोन आला.

"तोंड बरोब्बर आहे," बाबा म्हणाले. "पण हा मेलेला जिताडा आहे रे. जिवंत असताना असा रंग नसतो."

समोरच्या बरण्या बघताना मला ते पटलं. दूरदेशीचे मासे ब्लॉकपर्यंत पोचायचे ते असेच, स्पिरिटमध्ये किंवा वाळवून. बाबांनी दोन हजार किलोमीटर नाही, सहा हजार किलोमीटरवरून ते ओळखलं होतं!

सोमवारी पुन्हा दुकानात गेलो. फ्रेम उघडून दाखवायला सांगितलं. डाव्या कडेला कापल्याची सरळ रेघ. पुस्तकाची शिवण सोडवून पानं सुटी विकली होती. "बाकीचा खंड?" विचारलं, तर दुकानदाराने खांदे उडवले. मला एकदम आमचं तळं आठवलं. गुंठ्यागुंठ्याने विकलेलं. चित्र परत त्याच्या हातात दिलं.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, घेतलं नाही.

"बरं केलंस," ते म्हणाले. "शेजारच्यांच्या तळ्यात आहेत अजून. रविवारी ये, दाखवतो."

भिंत अजून रिकामी आहे. रविवारी पहाटेची गाडी पकडतोय.