०.८

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक आकडा ठरवायचं काम आलं. फोटो अपलोड झाला की आमचं मॉडेल त्याला शून्य ते एकमध्ये अश्लीलतेचे गुण देई. किती गुणांपुढे फोटो आपोआप उडवायचा, ते मी ठरवायचं होतं. मी ०.८ टाकलं. का? ०.७ ला तक्रारी फार येत होत्या, एवढंच.

आठवड्याभरात सपोर्टकडून तिकीट आलं. एका नर्सबाईंनी बाळाला अंगावर कसं पाजावं याचे फोटो टाकले होते. फोटो उडाले, खातंही बंद. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "आणि हे ठरवणारा तू कोण रे?"

त्याच सिस्टीममध्ये शेजारी दुसरा कोड चालायचा. अत्याचार झालेल्या मुलांचे आधीच ओळख पटलेले फोटो हॅशवरून जुळवणारा. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि प्राध्यापक हनी फरीद यांनी बनवलेलं फोटोडीएनए याच जातीचं. फोटो लहान केला तरी जुळतो. तिथे कुणाच्या अभिरुचीचा प्रश्नच नाही. त्या फोटोत एक खरं मूल आहे, आणि फोटो हाच गुन्ह्याचा पुरावा.

आपला आयटी कायदाही हे दोन कप्पे वेगळे ठेवतो: कलम ६७ अश्लीलतेचं, ६७-ब मुलांचं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच टाळायला सांगितलं. लैंगिक शोषण आणि अत्याचार म्हणा. पण सरकारला घाई झाली की कप्पे एक होतात. ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ साइट एका फटक्यात बंद झाल्या. ओरड झाल्यावर इंटरनेट कंपन्यांना सांगण्यात आलं, ज्यांत मुलांचं काही नाही त्या उघडल्यात तरी चालेल. कंपन्या म्हणाल्या, ते आम्ही ओळखायचं कसं? मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर. आम्ही नुसते हसलो होतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये ६६-अ रद्द झालं होतं. पालघरच्या दोन मुलींना २०१२ साली फेसबुकवरून अटक झाली, ते हेच कलम. शब्द मोघम, म्हणून न्यायालयाने ते काढलं. मला ६७ चे शब्दही फारसे कमी मोघम वाटत नाहीत.

अर्थात हॅश फक्त माहीत असलेलेच फोटो पकडतो. नव्या फोटोला पुन्हा मॉडेलच, पुन्हा एक आकडा. तिथे मी आकडा बराच खाली ठेवला, आणि माणसाने पाहिल्याशिवाय खातं बंद करायचं नाही अशी अट घातली. ते पाहणारी माणसं आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर बसतात. त्यांच्याशी लिफ्टमध्ये काय बोलावं, मला अजून सुचत नाही.

नर्सबाईंचं खातं चौथ्या दिवशी उघडलं. ०.८ मात्र अजून तिथेच आहे, शेजारी कमेंटमध्ये माझं नाव.