रूळ नसलेल्या गावचे इंजिन

जवळा बाजारला रेल्वे नाही. परभणीहून हिंगोलीकडे निघालेली एस.टी. औंढ्याच्या अलीकडे या गावात थांबते. चारदोन माणसे उतरतात, दहाबारा चढतात आणि बाकीची मंडळी खिडकीतून बाजारपेठ पाहत बसून राहतात. त्यांना औंढ्या नागनाथाला जायचे असते. नामदेवांच्या कीर्तनासाठी तिथले अख्खे देऊळ फिरले अशी या मुलुखाची श्रद्धा आहे. वाटेतल्या बाजाराच्या गावात काय पाहायचे, असे त्यांना वाटले तर नवल नाही.

पण हे गाव माझे आजोळ. नावाप्रमाणेच ते बाजाराचे आहे. बाजार समितीचे आवार, पोत्यांच्या थप्प्या, हंगामात हवेत तरंगणारा हळदीचा वास, आणि संध्याकाळी हिशेब मिटवून चहा पिणारे शेतकरी. इथल्या पोराला आगगाडी पाहायची झाली तर वसमत, हिंगोली किंवा परभणी गाठावी लागे. निजामाच्या राज्यात पूर्णा ते हिंगोली मीटरगेजची वाट १९१२ साली सुरू झाली आणि २००८ च्या सुमारास तिची ब्रॉडगेज झाली. एक हजार मिलिमीटरचे अंतर १६७६ झाले आणि छोट्या रुळांवरचा सारा संसार भंगारात निघाला. पण तिने जवळा बाजारला कधी वळसा घातला नाही.

अशा गावात, माझ्या मामांच्या अंगणात, एक वाफेचे इंजिन आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथल्या सुबक गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या असतात. मामांचे इंजिन त्यांच्यापुढे हत्तीच म्हणायचे. रुळांतले अंतर पाच इंच, म्हणजे मीटरगेजचा सुमारे आठवा हिस्सा. दोन माणसांनी उचलायचे म्हटले तरी कंबर धरते. ते नुसते शोभेचेही नाही. तांब्याच्या बॉयलरखाली खरा कोळसा पेटतो, आणि मागच्या चाकगाडीवर माणूस बसला तर त्यालाही ओढून नेते.

मामा मीटरगेजच्या एका लोकोशेडमध्ये फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नऊ वर्षे या इंजिनात घातली. चाके, सिलिंडर, वाफेचा नळ, सारे झाले. राहिली ती केबिन. ड्रायव्हर आणि फायरमन उभे राहतात ती खोली. पत्रा कापून, वाकवून त्यावर बारीक रिव्हेट ठोकायचे काम. आणि तेवढ्यात मामांचा हात कापू लागला. दोन वर्षे इंजिन तसेच उघडे उभे होते. त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे. मामी तेवढी दर शनिवारी त्यावरची धूळ पुसत.

"लाकडाची करून घेऊ," असे मी सुचवले तेव्हा मामा एकच वाक्य बोलले, "लाकडाचं इंजिन जत्रेत मिळतं."

मी मराठीचा मास्तर. मला रिव्हेट ठोकता येत नाही, पण दाखले देता येतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात इंजिनांना लाकडी केबिनच असत, हे मी सांगितले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. त्या काळच्या इंजिनांना तर आजच्यासारखी केबिनच नव्हती. इंजिनाला छपराची गरज नसते, गरज असते माणसाला. ती जगाच्या ध्यानात यायला काही वर्षे लागली. मामांनी ऐकून घेतले, पण होकार दिला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी पडलेल्या वाड्याची एक चौकट त्यांनी अंगणात काढून ठेवलेली दिसली. जुने सागवान, तीन पिढ्या वाळलेले.

गावातल्या ज्या सुतारांना बोलावले ते बैलगाड्या करीत. आता गाड्यांना रबरी चाके आली, ट्रॅक्टर आले. सुतारमामांचे हात खिडक्यादारांच्या दुरुस्तीला लागले. त्यांनी इंजिनाभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि विचारले, "ह्याला टप घालायचा म्हना की!" टांग्याचा असतो तसा टप. इतकी वर्षे मी शब्द शिकवतो, पण हा मला सुचला नव्हता.

मग त्यांनी दुसरा प्रश्न केला, "ह्यात मानूस केवढा?" साडेपाच फुटांचा माणूस आठव्या हिश्शाने सव्वाआठ इंच. सुतारमामांनी बांबूची तेवढी काडी तोडली आणि फूटप्लेटवर उभी केली. "हा तुमचा डायवर. ह्याचं डोकं छताला लागायचं न्हाई, अन् ह्याला पुढचं दिसलं पायजे." पुढचे सगळे माप त्या काडीवरून झाले.

खरी कसोटी पुढे होती. ऐंशी पौंडांच्या दाबाला बॉयलरमधले पाणी एकशेसाठ अंशांच्या पुढे जाते. त्याला लाकूड टेकले की करपणार. शिवाय तापले की बॉयलर लांबतो. म्हणून केबिन बॉयलरला न जोडता फूटप्लेटवर बसवायची, भोवतालचे भोक पाव इंच सैल ठेवायचे आणि आतून पत्र्याचे अस्तर द्यायचे, तेही लाकडापासून सुटे, मध्ये हवा राहील असे. हे मामांनी सांगितले. लाकूड आडवे फुगते, उभे फारसे नाही. म्हणून फळ्या उभ्या लावायच्या, एकमेकींच्या खाचेत सैल बसवायच्या, सरस लावायचा नाही आणि स्क्रूची भोके लांबट ठेवायची. हे सुतारमामांनी सांगितले. फळी पाव इंचाची, म्हणजे खऱ्या मापात दोन इंच जाड. खिडकी किल्ल्याच्या बुरुजासारखी दिसू लागली, तेव्हा त्यांनी कडा आतून तिरप्या तासल्या. बाहेरून फळी पत्र्याएवढी पातळ दिसू लागली. मागे बसणाऱ्याचा हात वाफेच्या दांड्यापर्यंत पोचावा म्हणून छप्पर बिजागरीवर उघडते केले. शेवटी जवसाच्या तेलाचे दोन हात.

चार दिवस दोघे म्हातारे अंगणात बसून होते. पहिल्या दिवशी मामा चुका दाखवीत होते. तिसऱ्या दिवशी ते पटाशीला धार लावून देत होते.

पाचव्या दिवशी कोळसा पेटला. अंगणातल्या पन्नास फूट रुळावर पोरांची रांग लागली. मामा दांड्याला हात घालून बसले. इंजिन दोनदा खोकले आणि निघाले. गंमत अशी, की कापणारा तो हात दांड्यावर स्थिर होता. मी हे मामींना दाखवायला वळलो, तर त्या आधीच तिकडे पाहत होत्या.

सुतारमामा बसायला तयार होईनात. ते इंजिनाच्या बाजूने चालत राहिले. तिसऱ्या फेरीला त्यांनी वाकून केबिनच्या फळीवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. आत बांबूची काडी अजून उभी होती. ती काढायचे कुणाच्या मनात आले नव्हते.

"गार हाय," ते मामांना म्हणाले. "मानूस उभा राहील आत."

मामांनी मान हलवली आणि वाफ थोडी वाढवली.