कमिटचे मेल: काही टिपणे

२८ मार्च २०२१, रविवार. पीएचपीच्या मुख्य रेपोत एक कमिट आला. टायपो दुरुस्त केल्याचं वर लिहिलेलं. नाव रासमुस लेर्डोर्फ यांचं, म्हणजे पीएचपी ज्यांनी जन्माला घातली त्यांचंच. मागोमाग पीएचपीचेच डेव्हलपर निकिता पोपोव्ह यांच्या नावाने आणखी एक. दोघांनीही यातलं काही केलेलं नव्हतं. आत होता चोरदरवाजा: ब्राउझरची ओळख सांगणाऱ्या हेडरच्या स्पेलिंगला शेवटी एक ‘टी’ जास्त, आणि त्या हेडरची सुरुवात ‘झिरोडियम’ने झाली तर पुढचा मजकूर सर्व्हरवर थेट कोड म्हणून चालवायचा. काही तासांत पकडला गेला. आलेला कमिट नंतर कुणीतरी वाचून काढायचा, ही तिथली नेहमीची रीत. तीच कामाला आली.

‘कमिटचे मेल बंद करा हो, वैताग आहे नुसता’ असं म्हणत कुणी आलं, की मी आधी ही हकिकत सांगतो; कमिट कुणीतरी वाचावा म्हणूनच तर हे मेल असतात. मग मेल कमी कसे करायचे ते बोलतो.

*

मेल लावायचे तर सबव्हर्जनचं काम सरळ. रेपोच्या हुक्स फोल्डरात पोस्ट-कमिटचा नमुना आधीच ठेवलेला असतो. नावाच्या शेवटचं टीएमपीएल काढायचं, फाइलीला चालण्याची परवानगी द्यायची. हुकला रेपोचा पत्ता आणि रिव्हिजन नंबर मिळतो. कुणी केला, कोणत्या फायली, काय बदललं, हे एसव्हीएनलुकला विचारायचं.

हाताने चालवलं की मेल जातो, कमिट केला की जात नाही. नवीन माणसाचा अर्धा दिवस इथेच खर्ची पडतो. हुकला एन्व्हायर्नमेंट कोरं मिळतं, पाथसुद्धा नसतो. म्हणून प्रत्येक कमांड पूर्ण मार्गासकट लिहायची.

शिवाय हुक संपेपर्यंत कमिट करणारा ताटकळत बसतो. मेल सर्व्हर सुस्त, आणि शिव्या खातं सबव्हर्जन. मेल पाठवणं बॅकग्राउंडला टाकावं. नुसता अँपरसँड लावून भागत नाही, आउटपुट आणि एररही दुसरीकडे वळवावे लागतात.

*

गिटची तऱ्हा वेगळी. कमिट होतो आपापल्या लॅपटॉपवर, त्याचा कुणाला पत्ताच नसतो. सर्व्हरला कळतो तो पुश, आणि एका पुशमध्ये तीन आठवड्यांचं साठवलेलं कामही येऊ शकतं. पोस्ट-रिसिव्ह हुकच्या हातात तीनच गोष्टी पडतात: जुना हॅश, नवा हॅश, रेफचं नाव. ब्रँच नवी असेल तर जुन्या हॅशच्या जागी चाळीस शून्यं; ब्रँच उडवली तर नव्याच्या जागी. घरी लिहिलेल्या स्क्रिप्टी बहुतेक या शून्यांवरच आपटतात. नवी ब्रँच निघाली म्हणून प्रकल्पाचा आरंभापासूनचा इतिहास मेलने धाडणाऱ्या स्क्रिप्टी असतात!

माझं मत: स्वतः लिहू नये. गिट-मल्टिमेल घ्यावं. ते पुशचा एक गोषवारा पाठवतं, शिवाय दर कमिटला एक मेल; दोन्हींसाठी वेगळे पत्ते देता येतात. लीडला गोषवारा पुरतो. एका पुशला किती मेल जावेत याची मर्यादा मुळात ५०० आहे. ती लगेच खाली आणावी. ५०० मेल कोण वाचणार?

जुना रेपो नव्या सर्व्हरवर हलवताना आधी पुश, मग हुक. हा क्रम चुकवू नये.

*

पाठवणाऱ्याचं नाव. कमिट करणाऱ्याचाच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालावा असं वाटतं खरं, पण त्याच्या डोमेनने आपल्या सर्व्हरला परवानगी दिलेली नसते. एसपीएफ आणि डीमार्कच्या तपासणीत मेल अडकतो, नाहीतर स्पॅममध्ये जातो. पत्ता सर्व्हरचा एकच ठेवावा, दिसणारं नाव कमिट करणाऱ्याचं. ‘रिप्लाय-टू’ मात्र विचार करून. अपाचेच्या बऱ्याच प्रकल्पांत कमिटची यादी वेगळी, आणि उत्तर जातं चर्चेच्या यादीवर. त्यामुळे ‘ही ओळ कशाला?’ हा प्रश्न चारचौघांत विचारला जातो.

*

दिवाळीत अर्ध्या ऑफिसचे ‘मी रजेवर आहे’वाले मेल सुरू असतात. एका कमिटला वीस उत्तरं. यावर २००४ सालीच इलाज निघालाय: आपण पाठवतो त्या मेलला ‘ऑटो-सबमिटेड’ हेडर लावायचा. शहाणी मेल यंत्रणा मग उत्तर देत नाही. सगळ्याच शहाण्या नसतात, तो भाग वेगळा.

*

सगळं सगळ्यांना पाठवलं की तो सोसायटीचा नोटीस बोर्ड होतो. लोक फिल्टर लावतात, मेल थेट फोल्डरात, आणि फोल्डर वर्षभर बंद. सबव्हर्जनच्या मेलर-पायमध्ये मार्गानुसार गट पाडता येतात: डेटाबेसच्या स्क्रिप्टी बदलल्या तर डीबीएला, कॉन्फिगरेशन बदललं तर ऑप्सला. गिटहबवर पुशच्या मेलसाठी रेपोला दोनच पत्ते देता येतात, म्हणून तिथे एखादा ग्रुपचा पत्ता घालतात. बॉटच्या कमिटना मात्र वेगळी वाट हवीच. माणसाचा कमिट त्यांच्या गर्दीत सहज हरवतो.

आणि वाचणाऱ्याचं नाव ठरलेलं हवं. या आठवड्यात कोण, पुढच्या आठवड्यात कोण. एवढं केलं तरी बाकीची मांडणी थोडी इकडेतिकडे चालते.

*

सबजेक्टमध्ये कमिटची पहिली ओळ येते. ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘फायनल’, ‘फायनल २’. टीमसमोर चार दिवस असे सबजेक्ट झळकले की लोक आपोआप नीट लिहायला लागतात.

*

पासवर्ड चुकून कमिट झाला. गिटचा इतिहास पुन्हा लिहून तो काढून टाकला, सगळ्यांनी हुश्श केलं. पण डिफ मेलमधून गेलेला आहे: टीमच्या इनबॉक्सात, बॅकअपात, एकाच्या फोनवरही. पासवर्ड बदलणे, हाच उपाय. जिथे बाहेरच्या एजन्सीचे लोकही यादीत असतात, तिथे मी डिफ पाठवतच नाही. फायलींची नावं आणि लिंक, बस्स.

*

फोर्स पुश. कुणीतरी ब्रँचवर नांगर फिरवतं, आणि बेअर रेपोत रिफलॉग मुळात चालूच नसतो. अशा वेळी गिट-मल्टिमेलचा गोषवारा उपयोगी पडतो, कारण वगळल्या गेलेल्या कमिटचे हॅश त्यात असतात. ते कमिट लगेच पुसले जात नाहीत. सेटिंग बदललेलं नसेल तर साफसफाईत दोन आठवड्यांपेक्षा जुनं झालेलंच जातं. मेल शोधायचा, हॅश उचलायचा, सर्व्हरवर त्या हॅशपासून नवी ब्रँच काढायची.