दारावरचा आकडा

मी पेशाने रंगारी. वसईत दुकानांच्या पाट्या आणि मुंबईच्या एका कारखान्यात मालमोटारींचे क्रमांक रंगविण्यात माझी चाळीस वर्षे गेली. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडला मुलाकडे गेलो असताना ‘बाबा, गाडीवर आकडे चिकटवायचे आहेत, मदत कराल?’ असे त्याने विचारले, तेव्हा घरी बसलेल्या कारागिराला पुन्हा बोलावणे आल्याचा आनंद झाला.

गाडी १९६५ सालची, एम.जी.बी. जातीची, हिरवी, उघड्या टपाची. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्याला ती न्यायची होती. शर्यत नव्हतीच, नुसती मिरवणूक. म्हणून क्रमांक ज्याचा त्याने निवडायचा होता. मुलाने ७२२ हे आकडे आणून ठेवले होते.

‘हेच का?’ मी विचारले.

त्याने सांगितलेली हकिकत अशी. इटलीत ब्रेशिया शहराहून रोमपर्यंत आणि पुन्हा ब्रेशियाला, अशी सुमारे सोळाशे किलोमीटरची ‘मिले मिलिया’ ही शर्यत साध्या रस्त्यांवरून होत असे. गाड्या एकामागून एक, मिनिटामिनिटाच्या अंतराने सुटत. जी वेळ निघण्याची, तोच गाडीचा क्रमांक. १ मे १९५५ रोजी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी स्टर्लिंग मॉस हा इंग्रज तरुण मर्सिडीज घेऊन निघाला. शेजारी डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार, आणि त्याच्या हाती वळणांच्या नोंदींची सुमारे अठरा फूट लांब कागदी गुंडाळी. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत ते परतले व जिंकले. चंदेरी गाडीवरचा तो तांबडा ७२२ तेव्हापासून अजरामर झाला.

‘म्हणजे आकडा शुभ होता म्हणायचा,’ मी म्हणालो.

तो हसला नाही. १२ मे १९५७ रोजी त्याच शर्यतीत, त्याच रीतीने ५३१ हा क्रमांक मिळालेली फेरारी ग्विदिझोलो गावापाशी टायर फुटून लोकांत शिरली. आल्फोन्सो दे पोर्तागो, त्याचा साथीदार एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक मृत्यू पावले. त्या नऊजणांत पाच मुले होती. ती शर्यत त्या स्वरूपात पुन्हा कधी झाली नाही. ७२२ काय, ५३१ काय, दोन्ही घड्याळाचीच लेकरे. आकड्यात ना वर असतो, ना शाप.

‘मग ७२२ ही मॉसच्या निघण्याची वेळ,’ मी म्हणालो. ‘तुझी कोणती?’

तो क्षणभर थांबला. ‘ते तुम्हीच सांगा, बाबा. मी किती वाजता निघालो?’

मला उत्तर आले नाही. देवळातल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्याच्या जन्माची तारीख आहे. मिनिट तिथे लिहीत नाहीत. त्या रात्री मी रात्रपाळीला होतो. सकाळपर्यंत बारा मालमोटारी देण्याचे वचन मालकाने कुणाला तरी दिले होते, आणि मी दरवाजांवर आकडे काढीत बसलो होतो. त्या बाराही गाड्यांचे क्रमांक मला आजही पाठ आहेत.

वसईला दूरध्वनी लावला. पत्नीला आठवावेही लागले नाही. ‘सहा वाजून एकेचाळीस मिनिटे. घड्याळ समोरच होते. तुम्ही नव्हतात. दहाच्या गाडीने आलात, आणि हाताला रंग होता म्हणून बाळाला घेतले नाहीत.’

मुलाने ते सारे ऐकले. काही न बोलता त्याने ६४१ हे आकडे मागविले.

ते आल्यावर आम्ही कामाला लागलो. आधी लोहचुंबकाच्या चकत्या लावून पाहिल्या. त्या दारांना बसल्या, बॉनेटवरून मात्र घसरल्या. त्या सालच्या एम.जी.बी.चे बॉनेट ॲल्युमिनियमचे. मग चिकट कागदाचीच पांढरी वर्तुळे घेतली. पत्रा धुऊन कोरडा केला. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून ते शिंपडले, म्हणजे चिकटवलेले वर्तुळ थोडे सरकविता येते. मग रबरी पट्टीने मध्यापासून कडेकडे पाणी व हवा काढीत गेलो. मुलगा मोजपट्टीने आकड्यांत सारखे अंतर ठेवू लागला, तेव्हा मी त्याला थांबविले. १ हा अंगाने बारीक. मोजून सारखे अंतर दिले तर तो दोघांपासून दुरावलेला दिसतो. त्याला थोडे जवळ घ्यावे लागते. ते माप पट्टीवर नसते, डोळ्यांत असते.

मग मी वीस पावले मागे गेलो. शर्यतीच्या गाडीवरचा आकडा आत बसलेल्यासाठी नसतोच. त्याला तो दिसतही नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून वेळ टिपणाऱ्यासाठी तो असतो. गाडी कुणाची, कधी निघाली, सुखरूप पोहोचली का, हे त्याने त्यावरून जाणायचे. आयुष्यभर मी परक्यांच्या गाड्या अशा दुरून वाचल्या होत्या.

मेळाव्यात एका वृद्ध इंग्रज गृहस्थाने मुलाला विचारले, ‘हा ६४१ कुणाचा?’

‘माझ्या वडिलांना विचारा,’ मुलगा म्हणाला.

माझे इंग्रजी बेताचेच. पण तेवढे मला सांगता आले.